डायलिसिस चालू असूनही बीपी उतरत नाही: गोळी वाढवण्याआधी काय काय तपासायचं

“गोळ्या दोनाच्या चार झाल्या, तरी वरचा आकडा १७० च्या खाली यायला तयार नाही.” डायलिसिसला तीन-चार वर्षं झालेल्या पेशंटच्या घरून ही तक्रार हमखास येते. सुरुवातीला सगळं बरं चाललेलं असतं. मग बीपी हळूहळू चढायला लागतं, एक गोळी वाढते, महिनाभर बरं जातं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. औषध लिहिणं, बदलणं, बंद करणं हे नेफ्रॉलॉजिस्टचं (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचं) काम. पण मशीन लावताना आणि उतरवताना आम्ही जे आकडे लिहितो, त्यांत बीपीचं कारण बरेचदा उघडं पडलेलं असतं. ते कुठल्या क्रमाने शोधायचं, एवढंच इथे लिहितोय.

त्याआधी एक महत्त्वाचं. बीपी १८०/१२० च्या वर आहे आणि सोबत छातीत दुखतंय, आडवं झालं की धाप लागतेय, डोळ्यांपुढे अंधुक होतंय, बोलताना जीभ अडखळतेय, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडलाय किंवा झटका आलाय, असं काहीही असेल तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. आणि वाटेत निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवू नका. ही जुनी पद्धत अजून कुठे कुठे चालते. त्याने बीपी धाडकन कोसळतं आणि मेंदूला, हृदयाला रक्त कमी पडू शकतं.

आकडा खरा आहे का?

सेंटरवर आल्या आल्या घेतलेल्या बीपीवर फार भरवसा ठेवू नये. पेशंट एसटीतून उतरून, जिना चढून आलेला असतो, अंगात दोन-तीन दिवसांचं पाणी असतं, वर सुया टोचायच्या असतात. डायलिसिस संपल्यावरचा आकडा उलट बाजूने फसवतो. मशीन चालवायला हे दोन्ही आकडे लागतात, पण औषध ठरवायला घरचा आकडा जास्त कामाचा. युरोपातल्या मूत्रपिंड आणि रक्तदाब तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये एक संयुक्त मत मांडलं. त्यानुसार दोन आठवड्यांतले डायलिसिस नसलेले ६ दिवस धरायचे, त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायचं, आणि सगळ्याची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेलं आहे असं समजायचं.

मोजताना फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीचा) हात कधीही वापरू नका. त्या हाताला पट्टा बांधला तर फिस्टुला बंद पडू शकतो. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी काही नको. मशेरीचं मुद्दाम सांगतोय, कारण “तंबाखू खाता का?” असं विचारलं की आजी ठामपणे नाही म्हणतात आणि मशेरी त्यात धरतच नाहीत. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. दोन्ही हातांचे फिस्टुले होऊन गेले असतील तर कुठे मोजायचं ते डॉक्टरांना विचारा, कधी कधी पायाला मोजावं लागतं.

पाणी: पहिला संशय इथेच

निरोगी मूत्रपिंड चोवीस तास जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर टाकत असतं. ते काम आता आठवड्यातल्या ८ किंवा १२ तासांत उरकायचं आहे. मधल्या काळात जे साठतं ते रक्तवाहिन्यांत राहतं आणि दाब वाढवतं. डायलिसिसवरच्या पेशंटचं बीपी चढण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकी कारणं नंतर.

ही गोष्ट डायलिसिसइतकीच जुनी आहे. सिॲटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी मार्च १९६० मध्ये क्लाइड शील्ड्स या पेशंटला कायमच्या डायलिसिसवर घेतलं. वर्षानुवर्षं डायलिसिस करून माणूस जगवता येतो, हे त्याच्यापासून सिद्ध झालं. शील्ड्सचं बीपी भयंकर चढलेलं होतं. ते आटोक्यात आलं मीठ तोडून आणि मशीनने पाणी काढून. तो पुढे ११ वर्षं जगला. आजच्याइतकी औषधं तेव्हा नव्हतीच, म्हणून उत्तर पाण्यात शोधावं लागलं. आता औषधांची रेलचेल आहे, म्हणून आपण आधी तिकडे वळतो.

“पाय सुजलेले नाहीत, मग पाणी कुठे आहे?” हा प्रश्न कायम येतो. पायावर बोट दाबून खड्डा पडायला अंगात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी जमावं लागतं. त्याच्या बऱ्याच आधी बीपी चढलेलं असतं. उलट बाजूनेही गंमत आहे: अम्लोडिपिनने काही जणांचे पाय पाणी नसतानाही सुजतात. म्हणजे सुजेवर एकट्या विसंबून चालत नाही.

मग बघायचं काय? वहीचं पान उघडा आणि मागच्या महिन्याचे चार आकडे शेजारी-शेजारी लिहा: येतानाचं वजन, येतानाचं बीपी, जातानाचं वजन, जातानाचं बीपी. घरचं बीपी असेल तर पाचवा रकाना. असं एक पान पुढे ठेवलं की साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा अशी: आले तेव्हा ५८.६ किलो आणि १७८/९६, गेले तेव्हा ५५.० किलो आणि १२८/७६. पुढच्या वेळी पुन्हा ५८.४ आणि १७४. इथे डायलिसिसनंतर बीपी ठीक आहे, मधल्या दिवसांत चढतंय. गडबड खाण्या-पिण्यात आहे.

दुसरी: आले ५६.८ आणि १७२, गेले ५५.० आणि १५८. वाढ जेमतेम १.८ किलो, पथ्य चोख. “ठरलेल्या” वजनाला पोचूनही बीपी उतरत नाही. इथे ते ठरलेलं वजनच बहुधा चुकलेलं आहे.

तिसरी: वाढ कमी, ड्राय वेट (म्हणजे ते ठरलेलं कोरडं वजन) नुकतंच तपासून खाली आणलेलं, तरी घरीसुद्धा रोज १६५-१७०. किंवा मशीनवर पाणी निघतंय तसतसं बीपी चढतंय. आता गोळ्या, इंजेक्शनं, झोप, रक्तवाहिन्या यांच्याकडे वळायला हरकत नाही.

आपला पेशंट कुठल्या तऱ्हेत बसतो ते कळलं की अर्धं काम झालं. एकाच वेळी दोन तऱ्हा असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात.

पहिली तऱ्हा: मीठ आणि मग पाणी

सेंटरवरचा नेहमीचा संवाद. “काकू, साडेतीन किलो आणलेत आज.” “अगं, पाणी तर प्यायलेच नाही गं मी!” काकू खोटं बोलत नसतात. त्यांनी फक्त तांब्यातलं पाणी मोजलेलं असतं. चहा, ताक, कढी, सोलकढी, पातळ आमटी, पेज, कलिंगडाची फोड, गोळ्या घेतानाचे घोट हे हिशेबात आलेलंच नसतं. कलिंगडात आणि शहाळ्यात वर पोटॅशियमही आहे, ते वेगळंच संकट.

पण पाण्यावरून पेशंटला रागावणं मला पटत नाही. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच, शरीर ऐकत नाही. सलाईनची बाटली बघा: एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. अंगातल्या पाण्याचं प्रमाण साधारण तेच. म्हणजे लघवी होत नसलेल्या माणसाच्या पोटात ९ ग्रॅम मीठ गेलं, की शरीर लिटरभर पाणी मागून घेतं आणि धरून ठेवतं. सपाट चमचाभर मीठ म्हणजे ५-६ ग्रॅम, त्यामागे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी. मीठ तसंच ठेवून पाणी तोडायला सांगणं म्हणजे छळ आहे. आधी मीठ कमी करा, तहान आपोआप उतरते. याला आठ-पंधरा दिवस लागतात. जिभेलाही सवय व्हायला तेवढाच वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच आहे. आपल्या घरांत मीठ सगळ्यात जास्त कुठून येतं? ताटाची डावी बाजू. लोणचं, चटणी, ठेचा, पापड, कुरडई, तळलेली सांडगी मिरची. कोशिंबीर बिनमिठाची चालेल, बाकी डावी बाजू बंद. पापडात मिठासोबत पापडखार असतो, तोही सोडियमच. ढोकळ्यातला, भज्यांतला सोडा तसाच. कोकणातली सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी यांत मीठ ठासून भरलेलं असतं. धुऊन थोडं निघतं, सगळं नाही. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं चवीला खारट लागत नाहीत म्हणून सुटून जातात. फरसाण आणि नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीबद्दल वेगळं सांगायला नको. ॲसिडिटीसाठी घेतलेलं फसफसणारं चूर्ण आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या यांतही भरपूर सोडियम असतं, आणि हे “औषध” म्हणून कोणी मिठात धरत नाही.

सैंधव मीठ चालतं, हा गैरसमज उपवासामुळे पक्का झालेला आहे. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. उपवासाच्या खिचडीत ते तेवढंच त्रास देणार. दुसरीकडे दुकानात मिळणारं “लो सोडियम” मीठ बीपीच्या इतर पेशंटांना सांगतात. डायलिसिसच्या पेशंटने त्याला हात लावू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. घरी दुसऱ्या कोणासाठी ते आणलेलं असेल तर डबा वेगळा आणि ठळक खूण करून ठेवा.

पाण्याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. चोवीस तासांत जितकी लघवी होते, तितकं अधिक साधारण ५०० ते ७५० मिली, हा ढोबळ हिशेब बऱ्याच ठिकाणी देतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन डायलिसिसच्या मधली वाढ कोरड्या वजनाच्या ४ ते ४.५ टक्क्यांच्या आत ठेवायची. ५५ किलोच्या माणसाला ती जास्तीत जास्त अडीच किलो. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवणं, मोठ्या पेल्याऐवजी लहान वाटीने पिणं, गोळ्या जेवणाबरोबर घेणं, चूळ भरून टाकणं, या युक्त्या चालतात. मधुमेह असेल तर साखर तपासा. साखर ३०० असताना तहान कुठल्याच युक्तीने भागत नाही.

दुसरी तऱ्हा: ड्राय वेट जुनं झालंय

जुन्या पेशंटांमध्ये हेच कारण सगळ्यात जास्त निसटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. ते कार्डावर एकदा लिहिलं की दगडावरची रेघ झाल्यासारखं वर्षभर तसंच राहतं. माणूस मात्र बदलत असतो. एका निवृत्त शिक्षकांचं ड्राय वेट ५८ किलो होतं. पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, दवाखान्यात राहिले, नंतरही कितीतरी दिवस जेवण जाईना. परत आमच्याकडे आले तेव्हा प्रत्येक वेळी ५८ वरच उतरत होते, सगळ्यांच्या मते “वजन अगदी बरोबर”. बीपी मात्र १३० वरून १७० ला गेलेलं, आणि दोन गोळ्या वाढलेल्या. सदऱ्याची गळपट्टी सैल, घड्याळाचा पट्टा दोन घरं आत, दंडाचं मांस उतरलेलं. म्हणजे मांस गेलं होतं आणि त्याची जागा पाण्याने भरली होती. काटा दोन्हींत फरक करत नाही. डॉक्टरांनी दर वेळी २००-३०० ग्रॅम असं खाली आणत ते वजन ५५ च्या जरा वर आणलं. पहिले पंधरा दिवस बीपी जागचं हललं नाही आणि घरचे वैतागले. मग उतरायला लागलं.

हा उशीर ठाऊक असणं फार गरजेचं आहे. अंगातलं पाणी बरोबर झाल्यावर बीपी उतरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून प्रयोग सोडून दिला तर हाती काहीच लागत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रिप’ या अमेरिकेतल्या चाचणीत १५० पेशंट होते. त्यांतल्या एका गटाचं ड्राय वेट दर १० किलोमागे १०० ग्रॅम अशा बेताने, पेशंटला सोसेल तसं खाली आणत गेले. सरासरी किलोभराचा फरक पडला, आणि औषध न वाढवता वरचा आकडा ८ आठवड्यांनी दुसऱ्या गटापेक्षा ६-७ ने जास्त उतरला. किलोभर पाणी म्हणजे काय, ते यावरून कळावं.

कुठलंही मोठं दुखणं, ऑपरेशन, जेवण तुटणं यानंतर ड्राय वेट नव्याने ठरवायला सांगा. उलटही होतं: डायलिसिस मानवलं, भूक लागली, मांस भरलं, तर जुन्या वजनावर ओढत राहिल्याने पोटऱ्यांत गोळे येतात आणि चक्कर येते. काही सेंटरांत बायोइम्पिडन्स यंत्र किंवा फुप्फुसांची सोनोग्राफी करून पाणी किती आहे याचा अंदाज घेतात. सोय असेल तर जरूर करावी. नसेल तर आडवं झाल्यावर लागणारी धाप, रात्री दोन उशा लागणं आणि छातीचा एक्स-रे, यांवरूनही डॉक्टरांना बरंच कळतं.

आणखी एक बदल गुपचूप होतो. डायलिसिसच्या पहिल्या वर्षी दिवसाला अर्धा-पाऊण लिटर लघवी होत असते. ती हळूहळू आटते, आणि पेशंट पहिल्या वर्षीइतकंच पाणी पीत राहतो. दोन महिन्यांतून एकदा चोवीस तासांची लघवी भांड्यात मोजा. अजून लघवी होत असेल तर फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी मदत करते. अजिबात होत नसेल तर ती गोळी कशासाठी चालू आहे, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

चार तासांत निघेल तेवढंच निघतं

मशीनला आकडा दिला की ते पाणी ओढतं, पण शरीराची एक मर्यादा आहे. ताशी दर किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी काढलं तर हृदयाचा धोका वाढलेला दिसतो. ५५ किलोच्या माणसाला हे ताशी ७१५ मिली, चार तासांत जास्तीत जास्त २.८६ लिटर. तो ४.२ किलो घेऊन आला असेल तर सहा तास लागतील. चार तासांत ओढायला गेलं की तिसऱ्या तासाला बीपी खाली, उलटी, पायात गोळे. मग सलाईन द्यावं लागतं, पाणी काढणं थांबतं, पेशंट म्हणतो आता बस, काढा मला. घरी जातो तो दीड किलो पाणी शिल्लक ठेवून, वर सलाईनचं मीठ घेऊन. रात्री तहान. दुसऱ्या दिवशी बीपी १८०. डॉक्टरांना दाखवलं तर गोळी वाढते, आणि त्या वाढलेल्या गोळीमुळे पुढच्या डायलिसिसला बीपी आणखी लवकर पडतं. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय, की “मशीनवर लो, घरी हाय” असं कोणी म्हटलं की आधी वजनाची वाढ आणि तास विचारतो.

सुटका दोन्ही बाजूंनी करावी लागते. वाढ कमी, आणि वेळ जास्त. फ्रान्समधल्या तासाँच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा ८-८ तास डायलिसिस आणि कमी मिठाचं जेवण अशी पद्धत होती, तिथल्या बहुतेक पेशंटांना बीपीची गोळीच लागत नसे. आपल्याकडे आठ तास कोण देणार? पण निदान चार तास पुरे करा. गाडी चुकेल म्हणून साडेतीनला उतरणं, सणावारी एक पाळी बुडवणं याचा हिशेब बीपी चुकता करतं. आठवड्याला दोनच डायलिसिस होत असतील तर तिसरं सुरू करता येईल का हे विचारा. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि जिल्हा रुग्णालयांतून २०१६ पासून चालणारा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम, या दोन्हींची चौकशी करा.

मशीनवरही एक गोष्ट बघण्यासारखी असते, ती म्हणजे डायलिसिसच्या द्रावातलं सोडियम. पेशंटच्या रक्तात ते १३५ आणि मशीनवर १४० असेल, तर डायलिसिस चालू असतानाच मीठ अंगात शिरतं, आणि पेशंट घरी जाऊन घटाघटा पाणी पितो. बीपी पडू नये म्हणून सोडियम चढतं ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. तेवढ्यापुरतं डायलिसिस शांत जातं, पुढचे दोन दिवस त्रासाचे. “डायलिसिसहून आलं की फार तहान लागते” असं असेल तर आम्हाला सांगा. सोडियमचा आकडा बदलायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

गोळ्या: कुठली, आणि कधी

काही गोळ्या मशीनमध्ये रक्तातून धुऊन निघतात. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या त्यातल्या. सकाळी सहाला गोळी आणि सातला मशीन, म्हणजे गोळी बरीचशी नाल्यात. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, कार्व्हेडिलॉल या जवळजवळ निघत नाहीत. म्हणून डायलिसिसच्या दिवशीचं वेळापत्रक वेगळं असू शकतं: काही डायलिसिसनंतर, काही रात्री. मनाने सगळ्या गोळ्या टाळू नका, आणि मनाने सगळ्या घेऊही नका. यादी घेऊन बसा आणि प्रत्येकीपुढे वेळ लिहून घ्या. धुऊन निघणं हा नेहमी दोषच असतो असंही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हृदयाची भिंत जाड झालेल्या २०० डायलिसिस पेशंटांना अटेनोलॉल किंवा लिसिनोप्रिल आठवड्यातून तीनदा, डायलिसिस झाल्यावर, सेंटरवरच दिलं. अटेनोलॉलवाल्यांना हृदयाचा गंभीर त्रास कमी झाला.

क्लोनिडिन ही बीपीची गोळी आपल्याकडे सर्रास चालते. त्याचे दोन स्वभाव माहीत हवेत. एक, तोंड कोरडं पडतं, म्हणजे पाणी जास्त प्यायलं जातं. दोन, डोस चुकला की बीपी उसळी मारून वर जातं. गोळ्या संपल्या आणि मेडिकल बंद होतं म्हणून सोमवारी २१० बीपी घेऊन आलेला पेशंट बघितला, की मी आधी क्लोनिडिनची पट्टी मागतो.

बीपीच्या नसलेल्या गोळ्याही बघा. सांधेदुखीसाठीच्या डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनसारख्या, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या, स्टिरॉइड, आणि “कंबरदुखीवर रामबाण” म्हणून मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या.

रक्तवाढीचं इंजेक्शन

एरिथ्रोपोएटिनने बीपी चढू शकतं, विशेषतः हिमोग्लोबिन भराभर वाढलं तर. दोन आठवड्यांत एका ग्रॅमहून जास्त वाढ ही घाई झाली. साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवतात. इंजेक्शन सुरू झालं किंवा डोस वाढला आणि पुढच्या काही आठवड्यांत बीपी चढलं, अशी तारखांची जोडी जमत असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्वतः बंद करू नका. हिमोग्लोबिन ७ वर आलं तर आगीतून फुफाट्यात.

तिसरी तऱ्हा

काही जणांचं बीपी मशीनवर असतानाच, पाणी निघत असतानाच चढतं. “पाणी काढतोय तरी चढतंय, म्हणजे पाणी कमी पडलं” असं वाटून लोक पाणी काढणं थांबवायला सांगतात. बहुतेकदा उलट असतं: अशा पेशंटच्या अंगात एकूण पाणी जास्तच असतं, आणि रक्तवाहिन्या आवळून घेणारी रसायनं वाढलेली असतात. ड्राय वेट खाली आणणं, द्रावातलं सोडियम बघणं आणि कार्व्हेडिलॉलसारखी गोळी, या दिशेने डॉक्टर जातात.

निकामी झालेली मूत्रपिंडं गप्प बसत नाहीत. ती रेनिन हे बीपी चढवणारं रसायन सोडत राहतात, आणि मेंदूला चुकीचे इशारे देऊन मज्जासंस्था ताणात ठेवतात. १९६०-७० च्या दशकांत काही पेशंटांची दोन्ही मूत्रपिंडं बीपीसाठी काढून टाकत असत. आता औषधांनी बहुतेक वेळा भागतं.

घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास थांबत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. डायलिसिसच्या पेशंटांमध्ये स्लीप ॲप्निया भरपूर आढळतो, आणि रात्री आडवं झाल्यावर पायातलं पाणी मानेकडे सरकलं की तो बळावतो. बरीच वर्षं डायलिसिस झालेल्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या ताठ होतात. तेव्हा वरचा आकडा १७० आणि खालचा ७० असं दिसतं. फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) यांचे रिपोर्ट कंटाळा न करता करून घ्यायचे ते यासाठी. अशा ताठ वाहिन्यांत वरचा आकडा हट्टाने १२० ला आणायला गेलं तर मशीनवर तोल जातो. थायरॉइड, मूत्रपिंडाच्या धमनीचा अडथळा, ॲड्रिनल ग्रंथी ही कारणं आहेत, पण शेवटी शोधायची.

पोटाचं डायलिसिस असलेल्यांसाठी थोडक्यात: रोज आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते लिहा. वर्षानुवर्षांनी पोटाचा पडदा बदलतो आणि त्याच पिशवीने पाणी कमी निघायला लागतं. बाहेर येणारं माप घटत चाललंय आणि बीपी चढतंय, तर जास्त ताकदीची पिशवी किंवा रात्रीसाठी आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी हवी का, हे डॉक्टर बघतील. मिठाचं सगळं वरचंच लागू.

बीपी उतरायला लागल्यावर

इथे गाफील राहू नका. पाणी निघालं की जुन्या गोळ्या अचानक जड पडतात. सकाळी उठताना चक्कर, मशीनवर पहिल्या तासातच बीपी खाली, फिस्टुल्यातली थरथर मंद वाटणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी कळवा. बीपी फार पडलं तर फिस्टुला बंद पडतो, आणि नवा करायला जागा शोधत बसावं लागतं. प्राझोसिन ही बीपीची गोळी चालू असेल तर रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या काठावर बसा, मग उभे राहा. गोळ्या कमी करायची वेळ आली की कुठली आधी काढायची हे डॉक्टरांनी ठरवायचं. क्लोनिडिन तर एकदम थांबवायचंच नाही, डोस पायरीपायरीने उतरवत न्यायचा. त्या काळात घरचं बीपी रोज दोनदा लिहून ती वही प्रत्येक डायलिसिसला आमच्याकडे आणा.